भटकी कुत्री मारून का टाकत नाहीत?
मुरुडच्या किनाऱ्यावर एखादा पर्यटक हे विचारतोच. कायद्यानं ते चालत नाही, आणि उपयोगही नाही. १८३२ मध्ये इंग्रजांनी मुंबईत भटकी कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. तरीही मारणं विसाव्या शतकात चालूच होतं. कुत्री काही संपली नाहीत. रिकाम्या जागी नवी येतात ना! २००१ च्या नियमांनी नसबंदी आणि रेबीजची लस हा मार्ग घालून दिला, २०२३ च्या नियमांतही तोच आहे. दयामरण फक्त असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला. कानाला खाच दिसली तर समजा, नसबंदी झालीय. मासळीबाजारातल्या मांजरांची मात्र कुणाला आठवण नसते. नसबंदी त्यांचीही करून घ्या. आणि पाळायचंच असेल तर विकतचं कशाला? गावठी पिल्लू आपल्या दमट हवेला सरावलेलं असतं.