सभागृहाची शिस्त आणि नात्याचे चिंतामणराव

महाडहून रायगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे गाव आहे. या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी द्वारकानाथ देशमुख या वकिलांच्या घरी जो मुलगा जन्माला आला, तो पुढे आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला आला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि १९५२ साली कुलाब्याचा प्रतिनिधी म्हणून पहिल्या लोकसभेत, अर्थमंत्र्यांच्या बाकावर, बसला. चिंतामणराव देशमुखांचे हे चरित्र महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, आणि २५ जुलै १९५६ रोजी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी लोकसभेत केलेले राजीनाम्याचे निवेदनही कोणी विसरलेले नाही. परंतु त्या दिवसाकडे आपण नेहमी देशमुखांच्या बाजूने पाहतो. ज्या सभागृहात ते बोलले त्या सभागृहाच्या बाजूने, आणि विशेषतः ज्या आसनाला उद्देशून ते बोलले त्या अध्यक्षासनाच्या बाजूने, क्वचितच पाहतो. बहुमताच्या बळावर उभ्या असलेल्या सरकारवर त्याच सरकारातून नुकताच बाहेर पडलेला एक मनुष्य कठोर आरोप करतो आणि तो अखेरपर्यंत ऐकून घेतला जातो, ही गोष्ट आपोआप घडत नसते. तिच्यामागे तीस वर्षांची घडण होती, आणि त्या घडणीचा मागोवा घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

त्या घडणीचा प्रारंभ विठ्ठलभाई पटेलांपासून करावा लागतो. मध्यवर्ती कायदेमंडळाचा पहिला अध्यक्ष सरकारने नेमलेला इंग्रज होता. विठ्ठलभाई हे सभासदांनी निवडलेले पहिले अध्यक्ष, आणि २२ ऑगस्ट १९२५ रोजी झालेल्या त्या निवडणुकीत त्यांना रंगाचारियर यांच्याविरुद्ध ५८ विरुद्ध ५६ अशी अवघ्या दोन मतांची आघाडी मिळाली होती. आसनावर बसताच त्यांनी स्वराज्य पक्षाचे सभासदत्व सोडले. परक्या सरकारच्या अंमलात, सरकारी सभासदांच्या भरगच्च रांगांसमोर, निःपक्षपातीपणा म्हणजे सरकारशी जुळवून घेणे असा अर्थ त्यांनी कधी केला नाही. सप्टेंबर १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मते समसमान पडली, तेव्हा त्यांनी आपले निर्णायक मत विधेयकाच्या विरुद्ध टाकले. तेच विधेयक पुन्हा आले, तेव्हा साम्यवादी व कामगार पुढाऱ्यांवरील मीरतचा खटला न्यायालयापुढे असताना त्या खटल्याच्या मुळाशी जाणारी चर्चा सभागृहात कशी व्हावी, असा पेच त्यांनी उभा केला. ८ एप्रिल १९२९ रोजी ते या प्रश्नावरील निर्णय सांगण्याच्या बेतात असतानाच भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षकांच्या सज्जातून बाँब टाकले. सारे सभागृह धुराने भरून गेले. पण तीनच दिवसांनी त्याच सभागृहात विठ्ठलभाईंनी विधेयक नियमबाह्य ठरवून आपला निवाडा दिला. सरकारला अखेर वटहुकमाची वाट धरावी लागली. त्याच वर्षाच्या आरंभी कायदेमंडळाचे दप्तर सरकारी खात्यातून काढून अध्यक्षाच्या हुकमतीखाली आणण्याचे कामही त्यांनी तडीस नेले होते, आणि माझ्या मते त्यांचे हे काम निर्णायक मताइतकेच मोलाचे आहे. कारण ज्याचे कारकून दुसऱ्याचे ताबेदार आहेत, त्याची सत्ता नावापुरतीच उरते.

यानंतर येतात दादासाहेब मावळंकर. गणेश वासुदेव मावळंकर यांचे कर्तृत्व अहमदाबादेत फुलले, गुजरातने त्यांना आपले मानले आणि त्यांनीही गुजरातला; तथापि घराणे मराठी आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे. म्हणजे स्वतंत्र भारताच्या लोकसभेचा पहिला अध्यक्ष आणि तिच्यातून सर्वांत गाजलेला राजीनामा देणारा अर्थमंत्री हे दोघेही सह्याद्रीच्या एकाच उताराकडचे. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्षपद मावळंकरांकडे आले. त्या सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विरोधी बाकांवर होते, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुलाबा व रत्नागिरीतील कुळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे गाऱ्हाणे त्या दिवशी कायद्याच्या भाषेत सभागृहापुढे रुजू झाले. त्याच्या दहा वर्षे आधी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, तोसुद्धा कायदेमंडळाचाच एक ठराव अंमलात यावा म्हणून. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मांडलेला आणि महाडच्या नगरपालिकेने पुढे मान्य केलेला तो ठराव कागदावरच पडून होता. सभागृहात शब्द उच्चारला जाणे आणि गावात तो पाळला जाणे यांत केवढे अंतर असते, हे महाडच्या लोकांनी इतर कोणाहीपेक्षा लवकर आणि जवळून पाहिले आहे. तरीही जो शब्द सभागृहात उच्चारलाच जात नाही, तो गावात पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

२४ जानेवारी १९४६ रोजी मावळंकर ६६ विरुद्ध ६३ मतांनी मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले, आणि १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने त्यांना ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडले. या वेळी विरोधात उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. निवडणूक बिनविरोध झाली नाही याचे पुष्कळांना त्या वेळी वाईट वाटले असेल. मला मात्र असे वाटते की प्रजासत्ताकाच्या पहिल्या अध्यक्षाला लढतीतून जावे लागले हे इष्टच झाले, कारण त्यामुळे आसन ही सत्ताधाऱ्यांनी दिलेली बक्षिसी नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले. मावळंकरांनी विठ्ठलभाईंप्रमाणे पक्ष सोडला नाही. पक्षाचे सभासद राहूनही अध्यक्षाने पक्षाच्या वादांपासून दूर राहावे, अशी त्यांची धारणा होती. प्रश्नोत्तराच्या तासाला त्यांनी शिस्त लावली, मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही हे पाहणारी समिती १९५३ साली नेमली, आणि वटहुकूम काढण्याच्या सोयीच्या सवयीबद्दल खुद्द पंतप्रधानांना पत्रे लिहून आपली नापसंती कळवली.

तरीही विरोधकांची त्यांच्याविरुद्ध तक्रार होती, आणि ती निराधार म्हणून उडवून देण्याजोगी नव्हती. इंग्रजी अमदानीत सरकारची निर्भर्त्सना करण्याचे हत्यार म्हणून तहकुबीच्या सूचनेचा सर्रास वापर होई. आता सरकार आपले आहे आणि चर्चेची इतर साधने उपलब्ध आहेत, म्हणून ही सूचना अपवादात्मक प्रसंगापुरतीच राखून ठेवावी, असे मावळंकर मानीत. लहान लहान गटांत विखुरलेल्या विरोधकांना मात्र या दस्तुरामुळे आपले तोंड बांधले जाते असे वाटे. अखेर १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेपुढे आला. असा ठराव विचारात असताना अध्यक्षाने आसनावर बसू नये, असे राज्यघटना सांगते. त्याप्रमाणे उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार आसनावर बसले. पंतप्रधान नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सभासदांना कोणत्याही आदेशाचे बंधन नसल्याचे सांगून ज्याने त्याने मनाला पटेल तसे मत द्यावे असे आवाहन केले. ठराव फेटाळला गेला. परंतु ज्या आसनाच्या निर्णयावर एरवी सभागृहात चर्चा करता येत नाही, त्याच आसनाविषयीच्या तक्रारी त्या दिवशी विरोधकांना उघडपणे, नियमाप्रमाणे आणि दप्तरी नोंद होऊन मांडता आल्या.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी मावळंकर निवर्तले, ८ मार्चला अय्यंगार अध्यक्ष झाले, आणि त्यानंतर पाच महिन्यांच्या आत देशमुखांचा प्रसंग आला. राज्यपुनर्रचना आयोगाच्या अहवालापासून पेटलेला मुंबईचा प्रश्न, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा, त्यानंतरचा गोळीबार आणि त्यात पडलेले बळी, जूनच्या आरंभी पंतप्रधानांनी मुंबईत त्याच निर्णयाचा केलेला पुनरुच्चार, हा सारा इतिहास मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. देशमुखांची व्यथा दुहेरी होती: एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात यथोचित विचारविनिमय न होता घेतला गेला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करण्यास सरकार तयार नव्हते. ते लोकनेते नव्हते. आयुष्य हिशेबांत, अंदाजपत्रकांत आणि संस्कृत काव्यात घालवलेला तो मितभाषी विद्वान होता. अशा मनुष्याने महाराष्ट्राविषयीच्या आकसाचा आरोप भर सभागृहात केला, म्हणून त्याचा आघात इतका खोल गेला.

आता ज्या रिवाजाखाली हे निवेदन होत असते तो थोडा जवळून पाहावा. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षाच्या संमतीने सभागृहात वैयक्तिक निवेदन करता येते. त्याची प्रत आदल्या दिवशी अध्यक्षाकडे आणि सभागृहाच्या नेत्याकडे, म्हणजे बहुधा ज्याच्याविरुद्ध ते निवेदन आहे त्या पंतप्रधानाकडेच, पाठवावी लागते. निवेदनावर चर्चा होत नाही. मात्र त्याला अनुलक्षून खुलासा करण्याचा हक्क मंत्र्याला असतो. या नियमात केवढा विचार साठवलेला आहे! ज्याच्यावर आरोप आहे त्याला ते आधी कळतात, म्हणून घात होत नाही. चर्चा नाही, म्हणून बहुमताच्या गदारोळात निवेदन बुडत नाही. आणि खुलाशाची मुभा आहे, म्हणून दुसरी बाजूही दप्तरी राहते. सत्तेबाहेर पडलेल्या एकट्या मनुष्याला काही मिनिटांपुरते संपूर्ण सभागृहाच्या बरोबरीने उभे करणारी ही योजना आहे, आणि तिची किल्ली अध्यक्षाच्या हाती आहे. पंतप्रधानांना देशमुखांचे आरोप मान्य नव्हते आणि काँग्रेसच्या बाकांवर ते रुचण्याचे कारणच नव्हते; तथापि ते पूर्ण बोलले गेले, शब्दशः टिपले गेले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला सभांतून व मोर्चांतून जे मिळत होते त्याहून निराळे, संसदेच्या दप्तरातील बळ मिळाले. पंधराच दिवसांनी लोकसभेने विशाल द्वैभाषिकाचा तोडगा स्वीकारला. तो टिकला नाही, आणि १ मे १९६० रोजी काय झाले ते सर्वश्रुतच आहे.

महाराष्ट्राच्या स्वतंत्र विधानसभेचे पहिले अध्यक्ष सयाजी सिलम, आणि त्यांच्यानंतर १९६२ पासून दहा वर्षे बाळासाहेब भारदे. भारदे हे सर्वोदयी विचाराचे कीर्तनकार होते. हजारोंच्या श्रोतृसमुदायाला शब्दाने बांधून ठेवण्याची ज्यांना सवय, त्यांच्या हाती ते आसन शोभून दिसले यात नवल नाही. दिल्लीतही मराठी माणसे या पदावर पुन्हा बसली: १९९१ ते १९९६ शिवराज पाटील, आणि मे २००२ पासून पुढील निवडणुकीपर्यंत मनोहर जोशी. जोशींचा जन्म देशमुखांच्याच रायगड जिल्ह्यातील नांदवीचा, घरची परिस्थिती गरिबीची. तेव्हाचे लोकसभाध्यक्ष बालयोगी यांच्या अपघाती मृत्यूनंतर आकस्मिकपणे रिकामे झालेले आसन त्यांच्याकडे आले. त्यांच्या कारकीर्दीत, ऑगस्ट २००३ मध्ये, वाजपेयी सरकारवरील अविश्वासाचा ठराव चर्चेला आला आणि ३१२ विरुद्ध १८६ मतांनी फेटाळला गेला. आयुष्यभर शिवसेनेच्या आक्रमक राजकारणात वावरलेल्या नेत्याला आघाडीच्या काळात डझनावारी पक्षांच्या सभागृहाचा तोल सांभाळावा लागला, ही गोष्ट त्या पदाच्या सामर्थ्याविषयी बरेच काही सांगून जाते.

मात्र मधल्या काळात शिस्तीचे साधनच पालटत गेले होते. पूर्वी अध्यक्ष उभा राहिला की बोलणाऱ्याने खाली बसावे, हा संकेत पुरे होई. त्यानंतर सभासदाला बाहेर जाण्यास सांगणे, आणि अगदी निरुपायाने त्याचे नाव घेऊन निलंबनाचा ठराव सभागृहापुढे येणे, अशी चढती पायरी होती. १५ मार्च १९८९ रोजी, इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाच्या अहवालावरील गोंधळात लोकसभेतून एकाच दिवशी ६३ सभासद निलंबित झाले, तेव्हा देश थक्क झाला. डिसेंबर २००१ मध्ये नवा नियम आला, आणि अध्यक्षाने नाव घेताच ठरावाशिवायही निलंबन होऊ लागले. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहे मिळून १४६ सभासद बाहेर होते, आणि त्या अवधीत फौजदारी कायद्याची तीन मूलगामी विधेयके संमत झाली. आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरून फलक नाचवणाऱ्या सभासदाचे समर्थन मी करणार नाही. तोही दुसऱ्याचा बोलण्याचा हक्क हिरावूनच घेत असतो. परंतु रिकाम्या बाकांच्या साक्षीने जे कायदे होतात, ते कितीही शांततेत झाले तरी त्या शांततेला शिस्त हे नाव मला देववत नाही.

या बाबतीतील सर्वांत बोधप्रद प्रकरण आपल्याच विधानसभेत घडले. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडल्यानंतर जुलै २०२२ मध्ये राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा महिने, महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्षच नव्हता. या पोरकेपणाच्या काळात, ५ जुलै २०२१ रोजी, कोकणातील सभासद भास्कर जाधव हे तालिका अध्यक्ष म्हणून आसनावर असताना गोंधळ माजला आणि भारतीय जनता पक्षाचे बारा सभासद ठरावाने वर्षभरासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव चालू अधिवेशनापलीकडे अवैध ठरवला. निलंबनाचा हेतू सभागृहाचे कामकाज सुरळीत चालवणे एवढाच असतो, आणि वर्षभराची बंदी ही सभासदाला नव्हे तर त्याच्या मतदारसंघाला शिक्षा आहे, असे त्या निकालाचे सार. सभागृहाच्या आतील कामकाजात न्यायालयाला हात घालावा लागणे हे संसदीय परंपरेच्या दृष्टीने क्लेशदायक आहे. पण त्या दिवशी न्यायालयाने जे सांगितले ते खरे म्हणजे आसनाने सांगायला हवे होते.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ‘शक्य तितक्या लवकर’ निवडावेत, असे राज्यघटनेने लोकसभेला आणि विधानसभांना सांगितले आहे. तरीही २०१९ मध्ये निवडून आलेल्या सतराव्या लोकसभेने आपली सारी मुदत उपाध्यक्षाविना काढली. विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पुढे पडलेले हे पद शोभेचे नाही. १९५४ सालच्या त्या डिसेंबरात मावळंकर आसनावरून उतरून बाजूला झाले, तेव्हा तक्रारदारांचे म्हणणे ऐकून घ्यायला अय्यंगार तिथे होते. सतराव्या लोकसभेत तशी वेळ आली असती, तर सभागृहाने स्वतः निवडलेला कोणीही त्या आसनावर बसायला नव्हता.