शिष्यवृत्ती नववीतच हुकते

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या याद्या झळकू लागल्या की, तहसील कचेरीच्या आवारात आणि सेतू केंद्रांच्या दारात दरवर्षी एक ठरलेले दृश्य दिसते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलाच्या गुणपत्रिका आणि चेहऱ्यावर काहीसा अपराध्याचा भाव घेऊन पालक रांगेत उभे असतात. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला जातीचा, कोणाला अधिवासाचा. आणि मुदत दोन-तीन दिवसांवर येऊन ठेपलेली असते. ज्यांना वेळेत कागद मिळत नाही त्यांतले काही पतपेढीकडे किंवा सावकाराकडे वळतात. काहींची मुले, त्यातही मुली, त्या वर्षी घरीच राहतात. ‘शिष्यवृत्ती मिळाली नाही’ एवढेच मग गावात सांगितले जाते. वस्तुतः ती कोणी नाकारलेली नसते. ती वेळेवर मागितलीच गेलेली नसते. आणि ती वेळ बारावीच्या निकालानंतरची नसून त्याआधी तीन-चार वर्षांपूर्वीची, म्हणजे मूल शाळेत असतानाची असते.

महाराष्ट्रात योजनांची वाण नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय २०२४ साली झाला. यांतील बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर भरता येतात. इतके सारे एका ठिकाणी आले म्हणजे ते सोपे झाले, असा सरकारी खात्याचा समज दिसतो. परंतु ज्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जात आहे, त्या घराला योजनेचे नावच ठाऊक नसते. मग पोर्टल एक असले काय आणि दहा असले काय!

कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात याचा विचार केला होता. दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा आणि मार्गदर्शनाची साधी कामे शिक्षकांनी करावीत, अशी माफक सूचना आयोगाने केली होती. पुढे मोठ्या शहरांतील सधन शाळांनी समुपदेशक नेमले. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील बहुसंख्य मुलांच्या वाट्याला मात्र तो आला नाही. तेथे समुपदेशक म्हणजे वर्गशिक्षक, आणि फार तर शाळेचा लिपिक. तेव्हा विचार करायचा तो याच दोघांचा.

शिष्यवृत्तीसाठी शिक्षकाने नेमके काय करावे, याचा या भूमीतला एक नमुना शंभर वर्षांहून जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. बागेत बसून वाचणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या नजरेत त्याआधीच भरला होता. केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी जे केले ते तितके सांगितले जात नाही. कॉलेजचा खर्च रामजी सुभेदारांना झेपेनासा झाला, तेव्हा गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, भेट घडवून आणली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ साली बडोदे संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे १९४४ साली, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. केळुसकरांनी पैशाचा प्रश्न उभा राहण्याआधी मुलगा ओळखला होता, कोणते दार ठोठवावे हे त्यांना माहीत होते, आणि ते स्वतः त्याच्याबरोबर त्या दारापर्यंत गेले होते. यातली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. फळ्यावर योजनेची जाहिरात चिकटवून ती साधत नाही.

आजची दारे वेगळी आहेत आणि त्यांच्या किल्ल्या कागदी आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी कुटुंबाचा जुना पुरावा दाखवावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा. आजोबा कोणत्या शाळेत किती इयत्ता शिकले, तिथल्या रजिस्टरात काय नोंद आहे, ती शाळा आता कोणत्या तालुक्यात मोडते, हे शोधण्यात महिने जातात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबात आजोबांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नसते. तेथे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. हा शोध नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू झाला तर घाई होत नाही. बारावीच्या जून महिन्यात सुरू झाला तर तो बहुधा संपतच नाही. शिवाय असे प्रमाणपत्र शास्त्र शाखेच्या मुलांनाच लागते, असा एक गैरसमज आहे. कला शाखेची जी मुलगी पुढे बी.एड. किंवा कायद्याकडे वळणार असते, तिलाही ते लागते, आणि हे तिला सांगणारे बहुधा कोणी नसते.

पैसा कसा हुकतो याचे दुसरे उदाहरण आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेचे आहे. ही केंद्राची योजना २००८ साली सुरू झाली. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ती आहे. परीक्षेत निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शाळा या परीक्षेची तयारी हौसेने करून घेतात, निवड झालेल्यांचे फोटो फलकावर लावतात, आणि बहुतेक ठिकाणी काम तिथेच थांबते. पुढे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, दहावीला ठराविक गुण राखावे लागतात, आणि अकरावीला मुलगा खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात गेला तर शिष्यवृत्ती बंद पडते. क्लासशी संधान बांधलेल्या अशाच महाविद्यालयाकडे दहावीनंतर पालकांचा ओढा असतो. तेथे गेल्यास दोन वर्षांचे २४,००० रुपये जातील, हे प्रवेशाआधी सांगणारा माणूस हवा. सांगूनही पालक तेच महाविद्यालय निवडतील. हरकत नाही, पण तो निर्णय माहितीवर झालेला असेल.

तोच प्रकार बारावीनंतरच्या केंद्रीय शिष्यवृत्तीचा. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील, आपापल्या शाखेत मंडळाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. पर्सेंटाइल आणि टक्के यांतला फरक न कळल्याने कला शाखेची कितीतरी मुले ‘आपल्याला ८० टक्के नाहीत’ म्हणून अर्जच करीत नाहीत. आपण शाखेतल्या पहिल्या पंचमांशात आहोत, हे त्यांच्या गावीही नसते. गणिताच्या शिक्षकाला हे समजावून द्यायला एक तासिका पुरे.

अर्ज भरण्याची जागा हाही एक धोका आहे. मूल केंद्रावर जाते, चालक आपलाच मोबाइल क्रमांक आणि आपलाच सांकेतिक शब्द टाकून अर्ज भरतो, आणि त्रुटी दुरुस्त करण्याचा निरोप मुलापर्यंत पोहोचतच नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. मधल्या काळात घरच्यांनी कुठल्याशा शिबिरात दुसरे खाते उघडून आधार तिकडे जोडले असेल, तर रक्कम त्या विसरलेल्या खात्यात पडून राहते. शाळेच्या संगणक कक्षात, वर्गशिक्षकाच्या देखत, पालकाच्या क्रमांकावर अर्ज भरला गेला तर यातले निम्मे घोटाळे टळतील.

शुल्कमाफीबद्दलही स्पष्ट बोलणारा कोणी हवा. ‘मुलींना शिक्षण फुकट’ अशी बातमी ऐकून आलेल्या बापाला वसतिगृह आणि खाणावळ यांचा आकडा प्रवेशाच्या दिवशी कळतो, आणि तो मुलीला परत घेऊन जातो. त्या घराशी आधीच बसून वर्षाचा एकूण खर्च मांडायला हवा. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी, १९५५ पासून ग्रामीण मुलांची राहण्याची सोय पाहणारी संस्था आहे. एक शिष्यवृत्ती क्वचितच पुरते. दोन-तीन सोयींची मोट बांधावी लागते. पूर्वी वार लावून जेवणारा विद्यार्थी हाच हिशेब सात घरांत मांडीत असे.

खासगी न्यासांच्या शिष्यवृत्त्या मात्र हक्काच्या नसतात, त्या जिंकाव्या लागतात. तेथे शिक्षकाच्या शिफारसपत्राला किंमत असते आणि मराठी शाळांतील ही पत्रे वाचवत नाहीत. ‘सदर विद्यार्थी हुशार, होतकरू व गरजू आहे’ हे एकच वाक्य जिल्ह्यातील सगळ्या मुलांना लावले जाते. त्याऐवजी ही मुलगी पहाटे गोठ्याचे काम उरकून शाळेत येते, दोन वर्षांत तिची हजेरी चुकली नाही आणि विज्ञान प्रदर्शनातला पाण्याचा प्रयोग तिने तीनदा फसल्यावर चौथ्यांदा साधला, असे लिहिले तर निवड समितीला माणूस दिसतो. पण असे लिहिण्यासाठी नोंद ठेवावी लागते. मुलाखतीचेही तसेच. गरिबीचे करुण वर्णन करायला मुलांना शिकवू नये; काय शिकायचे आहे आणि का, हे दोन-तीन वाक्यांत सांगायची सवय लावावी.

यावर शिक्षक विचारतील की, निवडणुकीची, सर्वेक्षणांची आणि ऑनलाइन माहितीची कामे उरकताना हे आणखी एक ओझे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. उपदेश करून हे काम होणार नाही. दर शाळेत एका शिक्षकाच्या आठवड्यातील तीन-चार तासिका कमी करून त्याच्याकडे ते अधिकृतपणे सोपवावे लागेल, आणि ज्या शाळांत लिपिकाचे पद रिकामे आहे तेथे ते भरावे लागेल. कारण सर्वांत स्वस्त दुरुस्ती लिपिकाच्या टेबलावर होते. नावातली एक वेलांटी, जन्मतारखेतला एक आकडा किंवा जातीच्या रकान्यातली मोघम नोंद जनरल रजिस्टरात चुकली, तर विद्यार्थी शाळेत शिकत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने ती सुधारता येते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तीच वेलांटी वर्षभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला लावते. नववीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक मुलाचे आधार कार्ड आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायला एका वर्गामागे दोन दुपारी लागतात.