पहिलटकरणीची पिशवी

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत नेसरी-अडकूरच्या पट्ट्यात अजून टिकून आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक माहेरी येते आणि घरात दोन मतं पडतात. लेकीच्या मोबाईलवर लांबलचक याद्या असतात: पाळणा, मच्छरदाणीची गादी, बाटल्या, पावडर-तेल-शाम्पूचा डबा, बाबागाडी. आजी म्हणते, बाळ हातात आल्याशिवाय घरात नवी चिंधीसुद्धा आणायची नाही. आजीचं हे म्हणणं अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. तिच्या पिढीत कितीतरी घरांनी शिवून ठेवलेली झबली तशीच पेटीत परत ठेवली आहेत. ती धास्ती खोटी नव्हती. पण तयारीच करायची नाही, हेही आज परवडणारं नाही. माझं मत असं की बाजारातून आणायच्या वस्तू अगदी थोड्या असतात. घरातून काढायच्या आणि आधी ठरवून ठेवायच्या गोष्टी मात्र बऱ्याच असतात. तेवढं केलं तर आजीचाही मान राहतो.

सुरुवात कपड्यांपासून. बाळंतविड्यात पूर्वी जे असायचं तेच आजही लागतं: झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट. जुनं सुती लुगडं किंवा धोतर धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, त्याचे लंगोट आणि दुपटी उत्तम होतात. नव्या कापडाला खळ असते, रंग असतो, म्हणून विकतचा कपडा एकदा धुतल्याशिवाय अंगाला लावू नये. भावाच्या किंवा शेजारच्या सुदृढ पोराची झबली मागून आणून पहिल्यांदा तीच घालायची पद्धत आपल्याकडे आहे. ती बिनखर्चाची आहे आणि कातडीलाही सोसते. मागून आणलेले कपडे गरम पाण्यात धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत आणि स्वच्छ पिशवीत बांधून ठेवावेत, एवढंच.

किती ठेवावेत? आठवड्याभराचं, पोटभर दूध पिणारं बाळ दिवसातून निदान 6 ते 8 वेळा लंगोट ओला करतं, शिवाय शीचे वेगळे. उन्हाळ्यात दोन डझन लंगोटांवर निभावतं. पण आपल्याकडे जून लागला की चंदगड-आजऱ्याकडून पाऊस येतो आणि दोरीवरचं कापड दोन-दोन दिवस सुकत नाही. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर संख्या दुप्पट धरा. चुलीवर धरून सुकवलेल्या दुपट्याला धुराचा वास लागतो आणि तो थेट बाळाच्या नाकाशी येतो; त्यापेक्षा इस्त्री फिरवावी. विकतचे डायपर दवाखान्यासाठी आणि प्रवासासाठी सोयीचे आहेत. फक्त सर्वांत लहान मापाचं एकच छोटं पाकीट घ्यावं, कारण बाळ काही आठवड्यांत त्या मापाबाहेर जातं. झबल्यांचंही तेच.

या सगळ्या कापडाचं खरं काम ऊब देणं हे आहे, आणि इथं थोडं थांबून सांगावंसं वाटतं. नवजात बाळाचं अंग चटकन थंड पडतं. त्याचं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावं लागतं. हाताच्या पाठीमागच्या बाजूनं पोट आणि तळपाय चाचपून पाहिले की पुष्कळ कळतं: दोन्ही उबदार तर ठीक, तळपाय थंड आणि पोट उबदार तर गारठा लागतोय, दोन्ही थंड तर लगेच दवाखाना. म्हणून पिशवीत दोन कोरडे जाड पंचे, टोपडं आणि मोजे सर्वांत वर ठेवावेत. एक पंचा अंग पुसायला, दुसरा गुंडाळायला. पहिली अंघोळ निदान 24 तास थांबवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाजारातून घ्यायची एक वस्तू मी आग्रहानं सांगेन, ती म्हणजे साधा डिजिटल तापमापक.

या साध्या गोष्टींचं मोल महाराष्ट्रानंच जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. घरी जाऊन वजन घेणं, तापमान बघणं, ऊब राखणं, आईला दूध पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग वेळेत ओळखून औषध देणं, अशी ती कामं. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानानं नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढं देशभर आशाताईंच्या घरभेटी त्याच वाटेनं सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. बाळ अडीच किलोपेक्षा कमी भरलं तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. आज ती कांगारू पद्धत म्हणून सगळीकडे वापरतात. तिच्यासाठी काहीच विकत आणावं लागत नाही.

आता काय आणू नये. दुधाची बाटली आणि पावडरीचा डबा आधी आणून ठेवू नये. घरात बाटली असली की पहिल्या रडण्याला ती तोंडात जाते आणि आईचं दूध उतरायचं मागं पडतं. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावं, चीक फेकू नये, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. बाटल्या आणि दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. वैद्यकीय कारणानं वरचं दूध द्यावंच लागलं तर डॉक्टर सांगतील आणि ते वाटी-चमच्यानं पाजता येतं.

काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. वेखंडाची किंवा टाल्कमची पूड नको, ती श्वासातून आत जाते. बोटभर मधही वर्षाच्या आत नको. त्यातल्या एका जंतूमुळं बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. नाळेवर हळद, तेल, राख काही लावू नये, ती कोरडी ठेवली की आपोआप गळते. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी तर अजिबात नको. आजीला शेक द्यायचाच असेल तर बाळंतिणीच्या कंबरेला गरम पाण्याच्या पिशवीनं द्यावा. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवतात, तीही राहू द्या. बाळाला उशी लागतच नाही. त्याला घट्ट, सपाट अंथरुणावर पाठीवर निजवावं, तोंडाजवळ मऊ गोळे आणि खेळणी नसावीत. आणि पांगुळगाडा भेट म्हणून कुणी देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. कॅनडानं चाकांच्या पांगुळगाड्यांवर 2004 सालीच बंदी घातली, कारण पोरं त्यासकट जिन्यावरून पडत होती.

पैसे खर्च करण्याआधी आशाताईंना आणखी एक विचारावं. सरकारी दवाखान्यातल्या पहिल्या बाळंतपणासाठी महाराष्ट्र सरकारनं 2019 मध्ये सुमारे दोन हजार रुपयांचं ‘बेबी केअर किट’ सुरू केलं. त्यात कपडे, लहान गादी, मच्छरदाणी, टॉवेल, तापमापक, नेलकटर अशा वस्तू ठरवलेल्या आहेत. फिनलंडनं 1938 पासून गरीब मातांना असंच खोकं द्यायला सुरुवात केली आणि 1949 पासून सगळ्या मातांना, पण एका अटीवर: चौथा महिना संपण्याआधी तपासणी करून घ्यायची. खोक्याच्या ओढीनं बायका वेळेत डॉक्टरकडे जाऊ लागल्या. आपल्या किटलाही अशी अट जोडावी, असं मला मनापासून वाटतं.

बाळाच्या यादीत आई हरवते. तिच्यासाठी पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठे सॅनिटरी पॅड, सैल सुती कपडे आणि बाळंतपणानंतर सहा महिने पुरतील अशा लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या हव्यात. या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अळीव, डिंक, खारीक-खोबरं आधीच निवडून ठेवलं की आजीलाही काम मिळतं.

आणि आता ज्या गोष्टी दुकानात मिळत नाहीत त्या. नेसरीत ग्रामीण रुग्णालय आहे, त्यापुढं गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, आणि गुंतागुंत वाढली तर कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. यातलं कुठं जायचं हे नवव्या महिन्याच्या तपासणीतच डॉक्टरांना विचारून ठरवावं. 102 आणि 108 हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत, शिवाय रात्री दोनला गाडी काढेल असा गावातला एक माणूस. परत येतानाही चारचाकीच बघावी. ओल्या बाळंतिणीला आणि चार दिवसांच्या बाळाला मोटारसायकलवर आणू नये. आईचा रक्तगट कागदावर लिहिलेला असावा आणि त्या गटाचे दोन रक्तदाते सांगून ठेवलेले असावेत. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर आईला 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते न मिळाल्यास धोका पुढच्या बाळाला असतो. ऐन वेळी तालुक्यात धावाधाव नको म्हणून ते कुठं मिळेल याची चौकशी आठव्या महिन्यातच करावी. माझ्या मते झबल्यांच्या आधी हे आलं पाहिजे.

कागदांची वेगळी पिशवी करावी: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, दोघांचं आधार, लेकीच्या नावाचं बँक पासबुक. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5000 रुपये तिच्याच खात्यात येतात, म्हणून खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते बघावं. आपल्याकडच्या पुष्कळ लेकी बेळगाव, हुक्केरी, संकेश्वरकडे नांदतात. त्यांच्या बाळाची जन्मनोंद मात्र जन्म जिथं झाला तिथंच होते, सासरच्या गावी नाही. ती 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेत घालायलाही हाच दाखला लागणार आहे, तेव्हा दवाखान्यातून निघतानाच आई-वडिलांच्या नावाची अक्षरं आधारप्रमाणे लिहिली आहेत का, हे वाचून मगच सही करावी. बाळाचं नाव बारशानंतर भरता येतं.