बोडीकाठचं इंग्रजी

जून २००० पासून महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत आणि त्यांची लेकरं आता भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत दप्तर घेऊन निघतात. आईबाप स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकलेले असावेत, अशी मुलांची ही पहिलीच पिढी. तरीही घरी इंग्रजीचं पुस्तक उघडलं की 'आम्हाला कुठं येतं, ट्यूशन लावून टाकू' हेच कानावर येतं. ट्यूशनची घाई नको. रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द मुलाच्या तोंडी बसवायला साक्षर आईबाप, पेन्सिल आणि थोडा पुठ्ठा एवढं पुरतं. मात्र कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर, याला महत्त्व आहे.

सुरुवात नव्या शब्दानं करू नका. मुलाला घेऊन घरात एक फेरी मारा आणि त्याला आधीच येत असलेले शब्द गोळा करा. स्विच, बल्ब, चार्जर, ग्लास, प्लेट, बॉटल, टॉवेल, पेन, बॅग. अंगणात आलात की सायकल, टायर, पंप, ट्रॅक्टर. प्रत्येक वस्तूचं लहानसं चित्र मुलानं वहीत काढायचं, बस्स. दोन-तीन पानं बघता बघता भरतात. 'मला इंग्रजी येत नाही' म्हणणाऱ्या मुलापुढे त्याच्याच हातची ती पानं ठेवा. मग वेगळी समजूत घालावी लागत नाही.

पण चित्रच का? भंडाऱ्यात याचं उत्तर पुण्या-मुंबईपेक्षा जरा वेगळं आहे. इथल्या कितीतरी घरांत झाडीबोली चालते, काही घरांत पोवारी, काही ठिकाणी गोंडी, आणि तुमसरकडे हिंदीची सरमिसळ. शाळेत पाऊल ठेवणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठीच अर्धी नवी असते. त्याला इंग्रजी शब्द आणि पुढे पुस्तकी मराठी अर्थ अशी यादी पाठ करायला दिली, तर एका शब्दासाठी त्याला दोन शब्द शिकावे लागतात. चित्राला बोली नसते. बेडकाचं चित्र सगळ्यांना सारखंच कळतं आणि तिथून सरळ 'फ्रॉग'वर जाता येतं.

युक्ती जुनीच आहे. कोमेनियस नावाच्या मोराव्हियातल्या शिक्षणतज्ज्ञानं १६५८ मध्ये लॅटिन शिकणाऱ्या मुलांसाठी न्यूरेंबर्गला चित्रांचं पुस्तक छापून घेतलं. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा आणि मजकुरातल्या शब्दालाही तोच आकडा. पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्याची आवृत्ती निघाली. यामागचं मानसशास्त्र बरंच नंतर, १९७१ मध्ये, कॅनडातल्या ॲलन पायव्हिओ यांनी मांडलं: शब्द आणि प्रतिमा मनात दोन निरनिराळ्या रूपांत साठतात आणि एक निसटलं तरी दुसऱ्याच्या आधारानं ते परत सापडू शकतं.

आता शब्द कोणते घ्यायचे? इथेच बाजारातले रंगीत तक्ते चुकीच्या वाटेला नेतात. एका तक्त्यावर सगळी फळं, दुसऱ्यावर सगळे प्राणी, तिसऱ्यावर सगळे रंग. बघायला नीटनेटकं, पण शिकायला अवघड. एकाच जातीचे नवे शब्द एकदम घेतले की ते एकमेकांत मिसळतात. मूल 'ग्रेप्स' आणि 'गुआव्हा' यांची अदलाबदल करत बसतं. थॉमस टिंकम यांनी १९९० च्या दशकात बनावट शब्द घेऊन याचे प्रयोग केले. एका जातीच्या शब्दांपेक्षा एका प्रसंगातले शब्द सोपे गेले. बेडूक, डबकं, उडी, हिरवा असे. ते प्रयोग मोठ्या माणसांवरचे होते हे खरं, पण कोणत्याही शिक्षकाला हा अनुभव ओळखीचा वाटेल.

म्हणून तक्ता बाजूला ठेवा आणि बोडीवर चला. भंडारा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात, आणि शेतालगतच्या लहान बोड्या गावोगाव आहेत. त्या बोडीचं एक पान करा: पॉन्ड, फिश, नेट, फ्रॉग, वेट, जंप. सहा शब्द, त्यात वस्तू आहेत, एक गुण आहे आणि एक क्रिया आहे, आणि सगळे मिळून एक दृश्य उभं राहतं. आषाढात रोवणीचं पान घ्या: रेन, मड, ग्रीन, पुल, बेंड, टायर्ड. पऱ्हे उपटणाऱ्या आईकडे बघून 'पुल' शिकलेलं मूल तो शब्द सहसा विसरत नाही. मग आठवडी बाजाराचं पान, चुलीचं पान, दिवाळीनंतरच्या मंडईचं पान. एका पानात सहा-सातपेक्षा जास्त शब्द कोंबायचे नाहीत.

पानावरच्या शब्दांची आता चित्रकार्डं करायची. त्यातल्या चित्राचे दोन-तीन नियम आहेत. एका कार्डावर एकच गोष्ट. गवत चरणारी गाय, मागे झाड, शेजारी गुराखी असं सुंदर चित्र दाखवून तुम्ही 'काऊ' म्हणालात, तर मूल त्यातलं नेमकं कशाला काऊ समजेल याचा नेम नाही. गुण शिकवायचा तर जोडी दाखवा, म्हणजे ओला टॉवेल आणि कोरडा टॉवेल. दोन्हींत टॉवेल सारखाच असल्यानं मुलाचं लक्ष फरकावर जातं. चित्राच्या बाजूला शब्द लिहायचा नाही, तो कार्डाच्या पाठीवर. कार्डासाठी जुन्या लग्नपत्रिकांसारखा पुठ्ठा नाही. प्रत्येक घरात गठ्ठा पडलेला असतो आणि पत्रिकेची आतली कोरी बाजू चित्राला छान चालते.

आणि चित्र मुलालाच काढू द्या. बेडूक बटाट्यासारखा दिसला तरी चालेल. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही शब्द विद्यार्थ्यांना लिहून काढायला दिले आणि काहींची चित्रं काढायला सांगितली. चित्र काढलेले शब्द जास्त आठवले, आणि चित्रकला चांगली असण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. छापील फ्लॅशकार्डांचा महागडा डबा विकत घेण्याआधी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

कार्डं तयार झाली की लगेच 'म्हण पाहू' असं करू नका. पहिल्या दिवशी मुलानं फक्त ऐकायचं. तीन कार्डं जमिनीवर मांडा आणि 'शो मी द फिश' म्हणा. त्यानं बोट ठेवलं की झालं. चुकीच्या कार्डावर ठेवलं तर बरोबर कार्डाकडे आपण बोट दाखवून शब्द पुन्हा म्हणायचा, चेहरा न पाडता. तीन पक्की झाली की चौथं मांडा. क्रियापदं कार्डावर नीट उतरत नाहीत, ती अंगानं शिकायची. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ सगळ्या मुलांना येतो, तोच इंग्रजीत आणा: शिवाजी म्हणतो, जंप! शिवाजी म्हणतो, पुल! नुसतं 'स्टॉप' म्हटल्यावर जो थांबला तो बाद. अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात आज्ञा ऐकून हालचाल करण्याची एक अख्खी अध्यापनपद्धती बांधली. आपल्याकडे तिचा खेळ अंगणात आधीपासून होता. बोलणं यानंतर, आणि बहुधा मूल ते आपणहून सुरू करतं.

इथवर बहुतेक घरं पोचतात. घसरतात ती यापुढच्या पायरीवर, आठवून पाहण्याच्या. कार्ड दाखवायचं, शब्द आपणच म्हणायचा, मुलानं मागे म्हणायचं, असं पुनःपुन्हा केलं की आपल्याला वाटतं शिकणं चाललंय. प्रत्यक्षात मूल प्रतिध्वनीचं काम करत असतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कारपिक आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना चाळीस स्वाहिली शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्द काहींनी पुढेही आठवून सांगायचा होता; काहींनी तो नुसता पुन्हा वाचायचा होता. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्याला जेमतेम एक तृतीयांश. भाषा परकी, शब्द परके, म्हणजे आपल्या मुलाचीच स्थिती.

घरी हे असं करायचं. कार्ड दाखवा आणि गप्प बसा. मनात पाच अंक मोजा. ही शांतता मोठ्यांना फार जड जाते, आजीला तर फारच. तिच्या तोंडून शब्द निसटतोच. तिला आधी सांगून ठेवा. आठवलं नाही तर पहिला आवाज द्या, 'फ्र…'. तरी नाही आलं तर शब्द सांगा आणि दोन-तीन कार्डांनंतर तेच कार्ड पुन्हा आणा.

कोणतं कार्ड कधी विचारायचं, यासाठी जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये पेटीची एक साधी पद्धत सांगितली. त्यांच्या पेटीला पाच कप्पे होते, लहान मुलाला तीन डबे पुरतात. बुटांचे किंवा मिठाईचे रिकामे खोके घ्या. नवं कार्ड पहिल्या डब्यात, तो रोज उघडायचा. आठवलं की कार्ड दुसऱ्या डब्यात, तो दर तीन दिवसांनी. तिथंही आठवलं की तिसऱ्यात, तो फक्त रविवारी. कुठंही अडलं की कार्ड परत पहिल्या डब्यात. कच्चा शब्द रोज भेटतो, पक्का क्वचित, आणि पक्का झालाय या भ्रमात हरवतही नाही. रोज दहा मिनिटं बास. परीक्षेच्या आदल्या रात्री तासभर बसवून हे साधत नाही.

आता शाबासकीबद्दल, कारण निम्मी मुलं इंग्रजीत गप्प होतात ती शब्द येत नाहीत म्हणून नव्हे, कोणीतरी हसलं म्हणून. झाडीबोलीत 'श'च्या जागी 'स' येतो आणि 'ळ'च्या जागी 'र'. त्या घरातलं मूल 'फिश'ला 'फिस' म्हणेल, 'ब्रश'ला 'ब्रस'. हा त्याचा आळस नाही, तो त्याच्या बोलीचा कान आहे. वर्गात यावर हशा पिकवणाऱ्या मोठ्या माणसाचा मला राग येतो, कारण त्या हशानंतर ते मूल 'श' असलेला प्रत्येक शब्द टाळायला शिकतं. त्यानं 'फिस' म्हटलं की 'येस! अ फिश. अ बिग फिश' असं आनंदानं म्हणा, 'श' थोडा लांबवून. लांबवणं गरजेचं, कारण बरोबर रूप घाईनं म्हणून पुढे गेलं तर आपली दुरुस्ती झाली हे मुलाच्या ध्यानातच येत नाही. एका बैठकीत एकच दुरुस्ती. बाकीचं सोडून द्या.

कौतुक कशाचं करायचं, यालाही अर्थ आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना सोपी कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. हुशार म्हटलेली मुलं पुढे अवघड काम टाळू लागली. आपली हुशारी जाईल ही भीती. पुढे या विचारावर उभारलेल्या कार्यक्रमांचे परिणाम सरसकट मोठे आढळले नाहीत, तेव्हा ती जादू समजू नये. पण कौतुकाला कारण जोडायला पैसे पडत नाहीत. 'शाब्बास, हुशार गं माझी बाई' याऐवजी 'काल नेट आठवत नव्हतं, आज आपणहून सांगितलंस' असं म्हणा. मुलीला कळतं की आपण पुढे सरकलो आणि कशानं. चॉकलेटचं आमिष शक्यतो टाळा. पाहुण्यांसमोर 'इंग्रजी बोलून दाखव' हे तर नकोच.

चित्रांची हद्दही ओळखून असावं. इंग्लंडच्या सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली, त्यात चित्रानं दाखवता येतील असे शब्द त्यांनी फक्त २०० धरले. 'इफ', 'बट', 'ऑफ' यांचं चित्र निघत नाही. ते सुटे शिकवायचेच नाहीत, छोट्या वाक्यांतून कानावर पडू द्यायचे. एका पानाचे सहा शब्द पक्के झाले की त्यांचंच वाक्य करा: द फ्रॉग इज वेट. द फिश इज इन द नेट.

स्पेलिंग सगळ्यात शेवटी. शब्द ऐकून कळतो, बघून आठवतो, तोंडी येतो, मग कार्ड उलटून पाठीवरची अक्षरं बघायची. मोबाइल घरात असेलच, तर बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये उघडा आणि उच्चार त्यावरून तपासा. पण आठवून सांगण्याचं काम मोबाइलला करू देऊ नका.

शेवटी शाळा व्यवस्थापन समित्यांना एक विनंती. शाळेच्या भिंती बोलक्या करायला रंगारी बोलावलात, तर त्याला छापील तक्त्यातली सफरचंदं आणि झेब्रे काढायला लावू नका. गावातली बोडी, बाजार आणि बांधीतली रोवणी काढायला सांगा. आणि शब्द चित्राखाली रंगवू नका. चित्राशेजारी पत्र्याची छोटी झडप बसवून शब्द तिच्या आत लिहा, म्हणजे मुलाला आधी आठवावं लागेल आणि मगच उघडून बघता येईल.