गाठीच्या रिपोर्टमधलं ‘हर-टू’

आमच्या गटातल्या एका काकूंच्या स्तनातली गाठ तपासली, तर कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, त्याच तुकड्याची हर-टू तपासणीही करू. घरचे म्हणाले, कॅन्सर आहे हे कळलं ना, मग पुन्हा खर्च कशाला? आम्हालाही उत्तर देता आलं नाही. म्हणून विचारून, वाचून आलो आहोत.

पेशी आपल्या मनाने वाढत नाही. ‘वाढ’ असा निरोप तिला बाहेरून येतो. निरोप आणणाऱ्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. पेशीच्या दारावर तो निरोप घेणाऱ्या कड्या असतात. कडी वाजली की आत वाढीचं काम सुरू. हर-टू ही अशीच एक कडी. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर बायकांपैकी साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत ती फारच जास्त असते. इतकी गर्दी, की कड्या एकमेकींवर आपटूनच वाजत राहतात; बाहेरून कुणी यावंही लागत नाही.

या कड्या पेशी बनवते जनुकावरून उतरवलेल्या चिठ्ठीवरून. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. पण काही बारीक आरएनए असे असतात, की त्यांच्यावरून काहीच बनत नाही. ते दुसऱ्या चिठ्ठीला चिकटून तिचं काम थांबवतात. गटाचे पैसे काढायची स्लिप भरली, पण सचिवताईंनी सही अडवली, तर पैसे निघतात का? तसंच हे. असा पहिला मायक्रो-आरएनए १९९३ साली सापडला, तोही मिलिमीटरभर लांबीच्या किड्यात! व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना त्यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं. त्याचाच माणसातला भाऊबंद, मायक्रो-आरएनए १२५, हर-टूची चिठ्ठी अडवतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो बऱ्याचदा कमी झालेला दिसतो. प्रयोगशाळेत अशा पेशींमध्ये तो वाढवला, तेव्हा हर-टू घटलं आणि वाढ मंदावली. पण हे झालं काचेच्या भांड्यात. त्याचं औषध अजून दवाखान्यात नाही. कुणी विकायला आलं तर घेऊ नका.

कडीलाच धरून ठेवणारं औषध मात्र १९९८ पासून आहे, ट्रॅस्टुझुमॅब. ते हर-टू जास्त असेल तरच देतात, आणि देताना हृदयावर लक्ष ठेवावं लागतं. काकूंची तपासणी हवी ती यासाठी. रिपोर्टवर ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ आलं तर ‘फिश’ नावाची आणखी एक तपासणी लागते. खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला आधी विचारा.

काकूंचा तुकडा तपासायला गेलाय. त्यांच्या मुलीला आम्ही सांगितलंय, रिपोर्ट आला की फाइल घेऊन बैठकीला ये, सगळ्या मिळून वाचू.