जामीन झाला, जामीनदार कुठून आणायचा?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जामिनाचा हुकूम झाला की घरच्यांना वाटतं, पोरगा संध्याकाळपर्यंत घरी येईल. खरी धावपळ तिथून पुढे असते. हुकुमात एक ओळ असते: अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. लायक म्हणजे ज्याच्या नावावर घर आहे, शेती आहे किंवा कायम नोकरी आहे असा. मग सातबारा, घरटॅक्सची चालू पावती, आधार, रेशनकार्ड आणि फोटो गोळा करायचे. रक्कम मोठी असेल, तर तहसील कार्यालयातून सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखलाही आणायचा.

सिवनीकडून आलेली एक बाई मी पाहिली. मुलगा हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला होता आणि चोरीच्या गुन्ह्यात आत गेला होता. तिने भावाला आणि त्याच्या शेतीचे कागद सोबत आणले होते. कागद खरे होते, भाऊही खरा होता. पण जमीन मध्य प्रदेशातली. पडताळणीला वेळ लागेल, इथलाच माणूस आणा, असं सांगून ते कागद परत केले गेले. ती बाहेर येऊन बसली, तोच एक जण जवळ आला. "जमानतदार पाहिजे का मावशी? कितीची हाय?"

हा धंदा कुठल्याही कायद्यात नाही, परवान्यात नाही. पण चालतो शिस्तीत. जामिनाचा आकडा वाढला की जामीनदाराचा भावही वाढतो, आणि त्यात मधल्या माणसाचा हिस्सा असतो. भाड्याने उभा राहणारा बहुधा साधाच माणूस असतो, नावावर एखादं छोटं घर असलेला. कॉरिडॉरमध्ये त्याच्याकडून पाठ करून घेतात: आरोपीचं नाव, बापाचं नाव, गाव, ओळख किती वर्षांची. पुकारा झाला की तो साहेबांसमोर उभा राहतो. "आरोपी कोण तुमचा?" "ओळखीचा आहे साहेब." "तारखेला हजर ठेवाल?" "ठेवतो साहेब." आणखी कितीजणांना जामीन राहिलात, हे जामीनदाराने लिहून द्यावं लागतं, 2005 च्या दुरुस्तीने ती अट कायद्यात आली. त्या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं जातं. कोर्टाचा बाबू घरटॅक्सच्या पावतीच्या मागे केस नंबर टाकून शिक्का मारतो, म्हणजे तीच पावती दुसरीकडे चालणार नाही. म्हणूनच काही जण नवी पावतीच छापून आणतात. बनावट कागदांवर जामीनदार उभे करणाऱ्यांवर नागपुरात गुन्हेही दाखल झाले आहेत.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत जामीन भरणं हा उघड, परवानाधारक व्यवसाय आहे. बाँडवाला साधारण रकमेच्या दहा टक्के घेतो, पण आरोपी पळाला तर त्याचा स्वतःचा पैसा बुडतो, म्हणून तो त्याला शोधत फिरतो. आपल्याकडच्या भाडोत्री जामीनदाराला आरोपी कुठे राहतो तेही माहीत नसतं. आरोपी गैरहजर राहिला आणि जामीनदारावर नोटीस निघाली, तर ती बजावायला गेलेल्या शिपायाला पत्ताच सापडत नाही. गरिबाचे पैसे गेले आणि न्यायालयाला हमी काहीच मिळाली नाही.

अमेरिकेतही काही ठिकाणी हा व्यवसाय कशाने मागे सरला, ते पाहण्यासारखं आहे. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये व्हेरा संस्थेने एक साधा प्रयोग केला. आरोपीचा पत्ता, कुटुंब, नोकरी यांची चौकशी करून न्यायाधीशाला सांगायचं, की याची मुळं इथे आहेत, याला पैशाशिवाय सोडा. असे सोडलेले लोक तारखेला येतात, हे दिसलं. केंटकीने 1976 मध्ये व्यावसायिक जामिनावर बंदी घातली आणि चौकशीसाठी राज्यभर सरकारी यंत्रणा उभी केली. इलिनॉयने तर सप्टेंबर 2023 पासून रोख जामीनच बंद केला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाट 1978 मध्येच दाखवली होती. मोतीराम हा मध्य प्रदेशातला गवंडी. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी समाजात मुळं असलेल्याला जातमुचलक्यावर सोडण्याचा आग्रह धरला. तरीही सिवनीच्या बाईचे कागद परत होतात. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे.

2023 मध्येच केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम सरकार न्यायालयात भरतं. चांगली गोष्ट आहे. पण जामीन म्हणजे पैसा, ही कल्पना ती तशीच ठेवते. मला जास्त भरवसा वाटतो तो वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते करतात त्या कामावर. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या पुढाकाराने हे काम येरवडा आणि नागपूर इथे सुरू झालं. कैद्याला भेटायचं, घरचा फोन नंबर मिळवायचा, कागद मागवायचे, रक्कम कमी करण्याचा अर्ज टाकायचा. वेळखाऊ काम आहे. पण अशा एका अर्जावर माणूस जातमुचलक्यावर सुटला, की कोर्टाबाहेरच्या दलालाचं एक गिऱ्हाईक कमी होतं. तो धंदा पोलिसांच्या छाप्याने बंद होणार नाही. जामीनदाराची अट उठेल तिथेच तो बंद पडेल.

तोवर ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी एवढं करावं. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट सैल करू शकतं. दलालाच्या हातात पैसे ठेवण्याआधी प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा 15100 वर फोन लावा. वकील फुकट मिळतो.