सरकारी रिळाबाहेरचे झिल्स

नागपुरात सिताबर्डीच्या टॉकीजमध्ये एकेकाळी खेळाला उशीर झाला तरी कोणी घाई करत नसे. आधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचं रीळ लागणार हे ठरलेलं. चहा संपवून, पान लावून आत शिरलं तरी हिरोची एन्ट्री चुकायची नाही. माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं. १९४३ मध्ये इंग्रजांनी युद्धप्रचारासाठी घातलेली ही अट स्वातंत्र्यानंतर पुन्हा लागू झाली, वर टॉकीजवाल्याला रिळाचं भाडंही भरावं लागे. प्रेक्षक असा आयता मिळाला की करणाऱ्याला रंगत आणायची गरज उरत नाही.

या सरकारी कारखान्याबाहेरही माहितीपट होऊ शकतो, हे ज्यांनी दाखवलं त्यांत पॉल झिल्स हे नाव आधी घ्यावं लागतं. जन्म १९१५ चा, जर्मनीतल्या वुपर्टालचा. काम शिकले ते उफा या जर्मन फिल्म स्टुडिओत. महायुद्धात इंग्रजांचे कैदी म्हणून भारतात आले. गंमत अशी, की सुटल्यावर त्याच इंग्रज सरकारच्या ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’त एका विभागाचे प्रमुख झाले. १९४६ मध्ये ती संस्थाच गुंडाळली गेली. १९४८ मध्ये तिच्या जागी फिल्म्स डिव्हिजन आलं. झिल्स मात्र दिग्दर्शक फली बिलिमोरियांना सोबत घेऊन मुंबईत स्वतंत्रपणे काम करू लागले.

पैसा कोण देणार? इथे त्यांचं खरं कसब दिसतं. बर्मा-शेल, म्हणजे आजच्या भारत पेट्रोलियमची पूर्वज, अशा कंपन्यांकडून त्यांनी माहितीपटांची कामं मिळवली. ‘मार्शल डान्सेस ऑफ मलबार’ त्यातलाच. अर्थात कंपनीचा पैसाही फुकटचा नसतो. पण तिला पडद्यावर तेलाचे डबे नाही, नाव हवं होतं. तेवढ्या फटीतून दिग्दर्शकाला थोडं मोकळं फिरता आलं. १९४९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘इंडियन डॉक्युमेंटरी’ हे नियतकालिकही निघालं. माझ्या मते त्यांच्या कुठल्याही एका चित्रपटापेक्षा त्याचं मोल जास्त. माहितीपटावर वाद घालायला जागाच नव्हती, ती त्यामुळे झाली.

कथापटाचा मोह त्यांनाही झाला. टागोरांच्या ‘चार अध्याय’वरच्या ‘जलजला’त (१९५२) देव आनंद, गीता बालींबरोबर आपल्या नागपूर विद्यापीठाचे पदवीधर किशोर साहू होते.

पन्नाशीचं दशक सरता सरता झिल्स मायदेशी परतले. ओडिशातल्या एका खेडुताच्या कुटुंबावरचा ‘द हाउस दॅट आनंदा बिल्ट’ पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. दिग्दर्शक झिल्स यांचे जुने साथीदार बिलिमोरिया. निर्मिती मात्र फिल्म्स डिव्हिजनची.